आधी पान उलटं करा: पुदिना, तुळस, कोथिंबिरीवरचे बुरशीचे रोग रानातच कसे ओळखायचे

तीन पावसाळ्यांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातल्या आमच्या रानात चार गुंठे गोडी तुळस होती. रुंद, चकचकीत पानांची, गोव्याच्या हॉटेलांना जाणारी; व्यापारी तिला नुसतं ‘बेसिल’ म्हणतात. जुलैच्या अखेरीस खालची-मधली पानं फिकी पडायला लागली. मोठ्या शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे. मी चार पानं खुडून पिशवीत घातली आणि खत-औषधाच्या दुकानात नेऊन दुकानदारांना दाखवली. “पाऊस लय झालाय, नत्र वाहून गेलंय,” म्हणून त्यांनी विद्राव्य खताची पुडी दिली. मी ते दोनदा सोडलं. आठवड्यात वाफा आणखी पिवळा झाला.

मग एका पहाटे शेजारचे आबा बांधावर थांबले. त्यांनी आयुष्यभर ऊस आणि भाजीपाला केला, तुळस कधी लावली नाही. वाफ्याकडं बघत म्हणाले, “काय गं, पान उलटं करून बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. उलटं केलं तर पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर पाठीमागं करड्या-जांभळ्या रंगाचा मऊ थर होता. बोट फिरवलं तर कंदिलाच्या काचेची काजळी लागावी तसं बोट काळपट झालं. तो केवडा नावाचा रोग होता. खतानं पाला आणखी लुसलुशीत आणि दाट झाला होता, म्हणजे रोगाला मी वरून खुराकच दिला होता. चारही गुंठे उपटावे लागले.

तेव्हापासून ओळखण्याची जी पद्धत बसवत आले, ती इथं लिहिते. फवारणीची यादी यात नाही. औषध शेवटी आहे आणि थोडक्यात आहे, कारण घोळ होतो तो औषधाच्या आधी, नावातच.

सामान आणि वेळ

दहा पट मोठं दाखवणारं भिंग लागेल. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडं किंवा घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं विचारा, डोळ्याला लावायचं छोटं भिंग मिळून जातं. मोबाईलवर नुसतं झूम करून भागत नाही. पण तेच भिंग कॅमेऱ्यासमोर धरलं की फोटो बरा येतो. बाकी चिकटपट्टी, पांढरा कोरा कागद, घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, जुनं वर्तमानपत्र आणि एक वही.

वेळ सकाळची, पानावर दहिवर आहे तोवर. केवड्याचे बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारे बारीक कण, रात्रीच्या अंधारात आणि ओलीत तयार होतात. ऊन चढलं की थर सुकतो आणि बीजाणू वाऱ्यावर जातात. दुपारी बाराला रानात जाल तर तुम्हाला पिवळं पान दिसेल, रोग दिसणार नाही. मी पिशवीतून दुकानात नेलेली पानंसुद्धा दुपारचीच होती.

आपल्या जिल्ह्यात तारीख आणि तालुका या दोन गोष्टीही वहीत लिहायच्या. गगनबावड्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडं जेमतेम पाचशे. त्यामुळं तीच कोथिंबीर पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूला ठिपक्यांनी आणि कुजण्यानं जाते, तर शिरोळ-हातकणंगल्याला हिवाळ्यात भुरीनं, म्हणजे पिठासारख्या पांढऱ्या बुरशीनं. अर्थात नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या नदीकाठाला थंडीत धुकं सकाळी उशिरापर्यंत उठत नाही, तिथं कोरड्या तालुक्यातही पान तासन्‌तास ओलं राहतं. तालुक्यापेक्षा रानाची जागा बघा.

पायरी १: लांबून बघा

वाकायच्या आधी बांधावर उभं राहून बघा. रोगट झाडं कुठं आहेत? एका जागी गोल चट्टा असून तो कडेनं वाढतोय, तर रोग तिथं सुरू होऊन पसरतोय. पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यात किंवा झाडाच्या सावलीखाली असेल, तर ओलीचा संबंध आहे. रस्त्याकडच्या दोन-चार सऱ्यांतच असेल, तर धुळीचा संशय घ्या. सगळं रान एका दिवसात एकसारखं करपलं असेल, तर बुरशी नाही. कालपरवा काय मारलं ते आठवा. बुरशी इतकी शिस्तीत कधी येत नाही. तिची काही पानं नुकती लागलेली, काही अर्धी, काही वाळलेली, अशा सगळ्या अवस्था एकाच वाफ्यात सापडतात.

मग नागमोडी चालत दहा ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी पाच पानं बघा: एक शेंड्याचं, दोन मधली, दोन जमिनीलगतची. पन्नासातली किती लागलेली, ते लिहा. चार दिवसांनी पुन्हा मोजलं की वाढतंय की थांबलंय, हे नजरेच्या अंदाजापेक्षा पक्कं कळतं.

पायरी २: बुरशी नाही ते आधी बाजूला काढा

ही पायरी सगळे गाळतात. माझ्याकडं ‘रोग आलाय’ म्हणून येणाऱ्या पानांत बरीचशी पानं रोगाची नसतातच.

कोल्हापुरात सगळ्यात आधी राख. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचं गळीत सुरू झालं की धुराड्यांची बारीक काळी राख वाऱ्याच्या दिशेनं पानांवर बसते. गुऱ्हाळाजवळच्या रानातही तेच. पुदिन्याच्या पानावर काळे ठिपके दिसतात आणि माणूस घाबरतो. ओल्या बोटानं पुसा. राख निघून येते आणि खालचं पान हिरवंगार असतं. रोगाचा ठिपका पुसून जात नाही, कारण तो पानावर बसलेला नसतो, पानातच असतो.

पांढऱ्या डागांचंही तसंच. बोअरच्या जड पाण्यानं तुषार चालवला तर पाण्याचा थेंब वाळतो तिथं क्षाराचा डाग राहतो. तो बोटाला खरखरीत लागतो आणि थेंबाच्या आकाराचाच असतो. भुरी पिठासारखी मऊ असते आणि पुसली तरी तीन-चार दिवसांत त्याच जागी परत येते. शंका असेल तर पाच पानं पुसा, त्यांच्या देठाला दोरा बांधून ठेवा आणि चौथ्या दिवशी बघा.

कढीपत्त्यावर काळा थर आला की लोक बुरशीनाशक मारतात. ती खरोखर बुरशीच असते, तिला आपण कोळशी म्हणतो. पण ती पानाला खात नाही. मावा, पिठ्या ढेकूण, सिल्ला अशा रस शोषणाऱ्या किडी गोड चिकटा टाकतात आणि त्यावर ती वाढते. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की समजा, चिकटा आहे. किडी गेल्या की कोळशी आपोआप वाळून पापुद्र्यासारखी सुटते.

उन्हाळ्यात पुदिन्याची, तुळशीची पानं वरून बारीक पांढऱ्या-पिवळ्या टिपक्यांनी भरतात, जणू कुणी सुईनं टोचलंय. ते लाल कोळ्याचं काम. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडतात आणि क्षणभर थांबलात तर त्यातले काही चालायला लागतात. फुलकिडीचे ओरखडे चांदीसारखे चकाकतात आणि शेजारी काळी बारीक विष्ठा असते.

दारातल्या तुळशीला आणखी एक भामटा लागतो. जाळीदार पंखांचा इवलासा ढेकूण पानाच्या खाली बसून रस पितो. पानं आतल्या बाजूला वळतात, वाळतात, आणि खाली काळे चिकट ठिपके दिसतात. ‘पानाखाली काळं’ एवढं ऐकून केवडा समजाल तर फसाल. हे ठिपके सुटे, डांबराच्या थेंबासारखे असतात. केवड्याचा थर सलग आणि मखमली असतो.

खताच्या कमतरतेचं ओळखणं मी चांगलंच महागात शिकले. नत्र कमी पडलं की जुनं पान शिरांसकट सगळंच फिकं होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, लोह कमी असेल तर तेच शेंड्याच्या पानांवर दिसतं. पण कमतरतेचा पिवळेपणा पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखा असतो आणि खालची बाजू स्वच्छ असते. केवड्यात पिवळा पट्टा एखाद्या मोठ्या शिरेपाशी कापल्यासारखा थांबतो, शिरेच्या पलीकडं पान हिरवं.

शेवटी जिवाणू. डाळिंबाचा तेल्या ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. कोथिंबिरीवर पावसाळ्यात येणारा जिवाणूंचा ठिपका सुरुवातीला पाणी भरल्यासारखा, तेलकट दिसतो. पान उजेडाकडं धरलं की त्यातून उजेड आरपार येतो. ठिपका शिरांच्या चौकटीत अडकल्यामुळं कोपरेदार असतो, नंतर तपकिरी-काळा होऊन कागदासारखा वाळतो. भिंगाखाली त्यावर ना तंतू, ना पीठ, ना काळे दाणे. बुरशीनाशकांपैकी बहुतेकांचा यावर काही उपयोग होत नाही.

पायरी ३: पान उलटं करा

आता बुरशीचे रोग. भुरी, केवडा आणि तांबेरा या तिघांची ओळख पानाच्या दोन बाजूंची तुलना केली की बहुतेक वेळा जागेवरच पटते.

भुरी बहुधा पानाच्या वरच्या बाजूला आधी दिसते. तांदळाच्या पिठाची चिमूट सांडावी तसे गोल पांढरे डाग येतात, ते एकमेकांत मिसळतात, मग देठ आणि फुलोराही पांढरा होतो. भिंग लावलं तर पानाच्या पृष्ठभागावर कोळिष्टक पसरल्यासारखे तंतू दिसतात आणि त्यांवर उभे असलेले बारीक कण उन्हात साखरेसारखे चमकतात. चिकटपट्टी डागावर हलकेच दाबून काळ्या कागदावर लावा. पांढरं पीठ पट्टीला चिकटून येतं, खालचं पान सुरुवातीला हिरवंच असतं. भुरीची गंमत अशी की तिला रुजायला पानावर पाणी लागत नाही. दमट हवा पुरते, उलट धो-धो पाऊस तिला धुऊन काढतो. म्हणून आपल्याकडं कोरडे दिवस आणि गार रात्री सुरू झाल्या, की साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून ती जोर धरते. ‘पाऊस नाही, मग बुरशी कुठली?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात ऐकते.

केवड्याचं सगळं उलट. वरच्या बाजूला पावडर नसते, फक्त शिरांनी आखलेले पिवळे चट्टे असतात. त्याच चट्ट्याच्या बरोबर खाली लव असते. गोड्या तुळशीत करडी-जांभळी, मेथीत पांढुरकी-करडी. भिंगाखाली ती पिठासारखी नाही, तर फांद्या फुटलेल्या इवल्या झुडपांच्या जंगलासारखी दिसते. पिवळा भाग पुढं तपकिरी होऊन वाळतो. रात्रभर ओलं पान आणि दमट, कोंदट हवा ही त्याची मागणी. संध्याकाळी तुषार चालवणाऱ्यानं ती आयती पुरवलेली असते.

शास्त्राच्या हिशेबानं केवडा खरी बुरशी नाहीच. तो पाण्यातल्या शेवाळाच्या जवळच्या कुळातला जीव आहे, म्हणून भुरीवर चालणारं गंधक त्याच्यावर चालत नाही, आणि केवड्यावर चालणारं मेटॅलॅक्झिल हे औषध भुरीवर चालत नाही. ओळख चुकली तर पंप भरून मारलेलं सगळं वाया, ते यामुळं. गोड्या तुळशीचा केवडा १९३० च्या दशकात युगांडात नोंदला गेला होता, पण जगभर पसरला तो २००० नंतर: इटलीत २००३ च्या सुमारास, अमेरिकेत फ्लोरिडात २००७ मध्ये. पेरोनोस्पोरा बेलबाहरी हे नाव त्याला २००९ मध्ये मिळालं. बियाण्यातून तो येऊ शकतो, हे एवढ्या लांबच्या प्रवासाचं एक कारण.

नावावरून एक इशारा देते. ‘केवडा’ हा शब्द आपल्याकडं सैल वापरला जातो. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तरी लोक केवडाच म्हणतात, पण तो पांढरी माशी पसरवत असलेला विषाणू आहे. उलट खऱ्या केवड्याला द्राक्षवाले ‘डाऊनी’ म्हणतात. तेव्हा दुकानात नुसतं ‘केवडा आलाय’ म्हणाल, तर समोरचा माशीचं औषध पुढं करेल, आणि चूक त्याची नसेल. ‘पानाच्या खाली करडी लव आहे’ असं सांगा.

तांबेऱ्याची तालीम उसामुळं आपल्याला लहानपणापासून झालेली असते. वरच्या बाजूला फिकट पिवळा ठिपका, खाली त्याच जागी पुटकुळी. ती पानाची साल फाडून वर येते, हा भुरीपेक्षा मोठा फरक. पान पांढऱ्या कागदावर उलटं घासा. विटेच्या भुकटीसारखी नारिंगी-तपकिरी रेघ उमटली की दुसरी परीक्षा नको. उसाचा तांबेरा मात्र शेजारच्या पुदिन्यावर येत नाही. प्रत्येकाची बुरशी वेगळी. ऊस लागलाय म्हणून पुदिना फवारायची गरज नाही.

पायरी ४: ठिपका नीट वाचा

लव नाही, पीठ नाही, पुटकुळी नाही, नुसता वाळलेला ठिपका आहे, तेव्हा काम अवघड होतं. आपण या सगळ्याला ‘करपा’ म्हणून मोकळे होतो. भिंग ठिपक्याच्या मधोमध न्या, मग कडेला न्या.

एकात एक वलयं असतील, झाडाचं खोड आडवं कापल्यावर दिसतात तशी, आणि रंग गडद तपकिरी असेल, तर अल्टरनेरिया नावाची बुरशी. मध्यभाग राखाडी-पांढरट आणि भोवती गडद काठ, तर सर्कोस्पोरा. वाळलेल्या भागात मोहरीहून कितीतरी बारीक काळे दाणे रुतून बसलेले दिसले, तर सेप्टोरिया किंवा त्याच्या जातभाईंपैकी कुणीतरी. काळ्या ठिपक्यांवर दाढीच्या खुंटासारखे ताठ काळे केस दिसले, तर कोलेटोट्रिकम. एवढं सांगून प्रामाणिकपणे हेही सांगते की या चौघांना भिंगानं शंभर टक्के वेगळं करता येत नाही; बीजाणू सूक्ष्मदर्शकाखालीच बघावे लागतात. शेतात करायचं काम मात्र चौघांसाठी जवळपास सारखंच आहे, त्यामुळं इथं अडून बसू नका.

पायरी ५: डब्याची परीक्षा

ही माझी आवडती, आणि फुकट. संध्याकाळी संशयित तीन पानं आणि एक निरोगी पान आणा. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी भिजवून, पिळून ठेवा. तिच्यावर काडेपेटीच्या चार काड्या आडव्या आणि त्यांवर पानं पालथी, म्हणजे खालची बाजू वर. पानाला पाणी चिकटता कामा नये. झाकण लावून घरातल्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको.

सकाळी झाकण काढून लगेच भिंग लावा. केवडा असेल तर काल स्वच्छ दिसलेल्या पिवळ्या भागावर करडी लव उगवलेली असते, आणि हिरव्या भागावर काहीच नाही. तुळस गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी कोपऱ्यात दहा रोपं लावून बघितली, तेव्हा खालून काहीच दिसत नव्हतं. डब्यानं एका रात्रीत सांगितलं. करप्याच्या ठिपक्यांना दोन-तीन दिवस लागतात, मग ठिपक्यावर काळपट मखमल येते. जिवाणूंच्या ठिपक्यावर लव येत नाही, फार तर बुळबुळीत होतो.

तीन दिवसांनंतरचं काही खरं धरू नका. त्यानंतर कापसासारखी पांढरी बुरशी सगळ्याच पानांवर चढते, निरोगी पानावरही. ते निरोगी पान बरोबर ठेवायचं ते याचसाठी.

कोणत्या पिकात आधी काय शोधायचं

पुदिन्यात तांबेरा. पक्सिनिया मेंथी ही त्याची बुरशी, आणि ती आपलं सगळं आयुष्य पुदिन्यावरच काढते, दुसरं पीक तिला लागत नाही. शिवाय फुटव्यांच्या धावत्या खोडात ती टिकून राहते, म्हणून शेजाऱ्याकडून आणलेल्या काड्यांबरोबर रोगही घरी येतो. नवे कोंब जाड, वाकडे, फिके आणि त्यांवर नारिंगी फोड, ही पहिली खूण; ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते कारण सगळे पानं बघत असतात. पुढं पानांखाली तपकिरी पुटकुळ्या, नंतर काळपट, आणि पानगळ. पुदिन्याला भुरीही येते आणि अल्टरनेरियाचे ठिपकेही, पण पेंढीचा भाव पाडतो तो तांबेरा. लागण करायच्या काड्या माती धुऊन ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाकतात. तापमापी हवीच, हातानं अंदाज घ्याल तर एक तर रोग जगेल नाहीतर काडी मरेल.

कोथिंबिरीत हिवाळ्यात भुरी, विशेषतः धन्यासाठी ठेवलेल्या फुलोऱ्यातल्या पिकात. पावसाळ्यात वर सांगितलेला जिवाणूंचा ठिपका. आणि पानांच्या शिरा, देठ, खोड सुजून गाठी आल्या असतील, धने लांबट फुगून लवंगेसारखे दिसत असतील, तर ती प्रोटोमायसिस नावाची बुरशी, जी जमिनीत आणि बियाण्यात राहते. त्या वाफ्यात पुढची काही वर्षं कोथिंबीर नको.

गवती चहाच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. जुन्या पानांचे शेंडे वाळणं आणि थंडीत पात तांबूस होणं हे त्याचं रोजचंच आहे. पातीच्या खालच्या बाजूला शिरांना समांतर लांबट तपकिरी पुटकुळ्या असतील आणि कागदावर रेघ उमटत असेल तर तांबेरा. शेंड्याकडून आणि कडांकडून तपकिरी वाळवण आत सरकत असेल, तर कर्व्ह्युलारियाचा करपा. दोन्हीला उपाय एकच आणि सोपा: ठोंब खाली छाटून वाळकी पात रानाबाहेर काढायची. गवती चहा पुन्हा उसळून येतो.

मेथीत केवडा आणि सर्कोस्पोरा, शेपूत भुरी. घरच्या कुंडीतल्या पानओव्याला फार काही होत नाही. झालंच तर जास्त पाण्यानं बूड कुजतं. दारच्या तुळशीला भुरी येते, पण तिथं आधी तो जाळीदार ढेकूण शोधा.

नाव कळलं, आता?

लागलेली पानं कोरड्या वेळी, पिशवी झाडाजवळ धरून खुडा. ओल्या पाल्यात हात घालून एका झाडाचा रोग दुसऱ्याला लावू नका. खुडलेलं बांधावर टाकायचं नाही. पाणी सकाळी द्या, शक्यतो ठिबकनं, म्हणजे रात्री पान कोरडं राहील. झाडांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवा, नत्राचा हात आखडता घ्या. केवड्यात आणि करप्यात या चार गोष्टींनी जे साधतं ते उशिरा मारलेल्या फवारणीनं साधत नाही, असा माझा अनुभव आहे.

फवारायचंच असेल तर हा पाला लोक कच्चा खातात, हे लक्षात ठेवा. कोथिंबीर मिसळीवर वरून पडते, पुदिना चटणीत जातो. शिजवणं मध्ये येतच नाही. औषधाच्या डब्याच्या लेबलवर तुमचं पीक आणि तुमचा रोग लिहिलाय का ते वाचा, आणि फवारणी ते काढणी यात किती दिवस सोडायचे तेही. आपण पुदिना दर तीन-चार आठवड्यांनी कापतो, त्यात पंधरा दिवसांची थांबण्याची अट बसते का, याचं गणित दुकानदार करत नाही. भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक जुनं आणि चांगलं आहे. पण पारा पस्तिशीकडं गेला की त्यानं पानं भाजतात, आणि तेलाच्या फवारणीच्या मागंपुढं दोन आठवडे ते मारू नये. मार्च-एप्रिलच्या दुपारी तर नकोच.

नमुना पाठवायचा असेल तर

दोन वेळा डब्याची परीक्षा करूनही कोडं सुटलं नाही, किंवा रोग आठ दिवसांत दुप्पट झाला, तर तज्ज्ञांना दाखवा. कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, शेंडा पार्कला कृषी संशोधन केंद्र आहे, कणेरीला कृषी विज्ञान केंद्र आहे. आधी फोन करून विचारा आणि मग जा.

नुसतं वाळलेलं पान नेऊ नका, त्यातून काही निघत नाही. नुकतं लागलेलं, अर्धं लागलेलं आणि निरोगी अशी पानं घ्या, शक्य असेल तर मुळासकट एक रोपही. कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्यांत सपाट ठेवा. ओला कपडा नको, हवाबंद प्लॅस्टिक नको. चिठ्ठीवर पीक, वाण, लागणीची तारीख, पाणी कसं देता, गेल्या पंधरा दिवसांत काय काय मारलं आणि पन्नासातली किती पानं लागलेली, एवढं लिहा. सकाळी खुडून त्याच दिवशी पोचवा. शनिवारी दुपारी बंद दारात ठेवून आलेला नमुना सोमवारपर्यंत कुजतो, आणि कुजलेल्या पानावर तोवर जी बुरशी चढलेली असते ती तुमच्या रानातल्या रोगाची नसते.